कंडेन्सर कितीचा लावू, आत्या?

दर वर्षी श्रावण लागला की माझ्या दुकानात जळालेले ट्वीटर (वरचे सूर वाजवणारे छोटे स्पीकर) यायला लागतात, ते थेट अनंत चतुर्दशीपर्यंत. भजनी मंडळं, मंडपवाले, देवळाचे विश्वस्त, सगळ्यांचं मागणं एकच: "ताई, कॉईल बदलून द्या." मी विचारते, पुढे कंडेन्सर होता का? "होता की. आवाज दबतोय म्हणून काढून टाकला." नाहीतर, "होता, पण गेला. मग घरात सापडला तो लावला." घरात सापडणारा म्हणजे बहुतेक पंख्याचा. गंमत अशी की पंख्याचा कंडेन्सर या कामाला तितकासा वाईट नाही, पण ते पुढे सांगते.

माझा भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत दुकानात बसतो. फिल्टरचं, म्हणजे काही सूर पुढे जाऊ देणाऱ्या आणि बाकीचे दाबणाऱ्या जोडणीचं, सूत्र त्याला तोंडपाठ, परीक्षेत मार्कही चांगले, पण हातात उघडा स्पीकर दिला की पहिला प्रश्न, "आत्या, कंडेन्सर कितीचा लावू?" हे लिहिणं त्याच्यासाठी, आणि सोल्डरिंग येतं पण आकडा कुठून येतो ते ठाऊक नाही अशा सगळ्यांसाठी.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. फिल्टर म्हणजे चाळणी नव्हे. चाळणीतून दाणा एक तर पडतो, नाहीतर वर राहतो. फिल्टरमध्ये असं काही होत नाही. तिथे असते वाटणी. सिग्नलचं व्होल्टेज दोन भागीदारांत वाटलं जातं. एकाचा वाटा ठरलेला, दुसऱ्याचा फ्रीक्वेन्सीप्रमाणे बदलणारा. ठरलेला तो रेझिस्टर (किंवा स्पीकर), बदलणारा तो कंडेन्सर किंवा कॉईल. कंडेन्सर खालच्या सुरांना जास्त विरोध करतो, वरच्यांना कमी. कॉईलचं नेमकं उलट. आपण कुठल्या भागीदाराच्या डोक्यावरून पुढे वायर काढतो, त्यावर काय पुढे जाईल ते ठरतं.

हे वाचून कळत नाही, म्हणून आधी बाकावर करून बघा. १० के (किलोओहम) चा एक रेझिस्टर घ्या आणि ०.१ एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) एक पॉलिएस्टर कंडेन्सर. त्यावर १०४ छापलेलं असतं: पहिले दोन आकडे तसेच, तिसरा म्हणजे पुढे किती शून्यं, आणि उत्तर पिकोफॅरडमध्ये. म्हणजे १,००,००० पिकोफॅरड, म्हणजेच ०.१ एमएफडी. २२४ म्हणजे ०.२२. शेवटी इंग्रजी J असेल तर ५ टक्के इकडेतिकडे, K असेल तर १० टक्के. फिल्टरला J वाला घ्या, दोन रुपये जास्त गेले तरी चालतील.

सिग्नल फोनमधून मिळतो. टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप चालेल. जुन्या इयरफोनची वायर कापून घ्या. आतल्या बारीक तारांवर लाखेसारखा लेप असतो, तो गरम आयर्नने जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही, इथे पहिल्यांदा सगळेच अडकतात. एका कानाची तार रेझिस्टरला, रेझिस्टरचं दुसरं टोक कंडेन्सरला, कंडेन्सरचं उरलेलं टोक अर्थच्या तारेला. मीटर एसी व्होल्टवर ठेवून कंडेन्सरच्या दोन्ही टोकांवर लावा.

फोनवर ५० हर्ट्झ लावा. आत जितकं जातंय त्याच्या ९५ टक्के कंडेन्सरवर दिसेल. आता १५९ लावा: ७१ टक्के. ३१८ लावा: ४५. इथून वर जाताना सावध. आपले साधे मीटर एसीमध्ये ४०० हर्ट्झच्या आसपासपर्यंतच खरं बोलतात, त्यानंतर मीटर स्वतःच कमी दाखवायला लागतो आणि आपल्याला वाटतं फिल्टरनेच कापलं. यावर माझा उपाय साधा आहे. प्रत्येक फ्रीक्वेन्सीला आधी फोनच्या तारेवर मोजते, मग कंडेन्सरवर, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागते. मीटरची चूक दोन्हीकडे सारखी, भागाकारात ती निघून जाते.

आकडे असे का येतात? ०.१ एमएफडीचा विरोध ५० हर्ट्झला ३१.८ के असतो, १५९ ला बरोबर १० के, आणि १,५९० ला फक्त १ के. फ्रीक्वेन्सी दसपट, विरोध दहावा हिस्सा. ज्या ठिकाणी कंडेन्सरचा विरोध रेझिस्टरएवढा होतो, ती कटऑफ फ्रीक्वेन्सी. पुस्तकातलं सूत्र म्हणजे एक भागिले २πRC. दुकानात मी ते असं वापरते: १५९ ला के आणि एमएफडीच्या गुणाकाराने भागा, उत्तर हर्ट्झमध्ये. १० गुणिले ०.१ म्हणजे १, म्हणून १५९. रेझिस्टर साध्या ओहममध्ये असेल तर १५९ च्या जागी १,५९,००० घ्या. एवढं एक भिंतीवर लिहून ठेवलं की निम्मं काम झालं.

भाच्याने इथेच मला पकडलं होतं. "आत्या, दोघंही दहा-दहा के, मग वाटणी निम्मी-निम्मी का नाही? ७१ टक्के कसे?" प्रश्न रास्त आहे. दोन्ही व्होल्टेज एकाच क्षणी शिखरावर येत नाहीत. कंडेन्सरवरचं रेझिस्टरवरच्यापेक्षा पाव फेरा मागे असतं. त्यामुळे त्यांची बेरीज सरळ होत नाही, गवंड्याच्या गुण्यासारखी काटकोनात होते. गवंडी तीन फूट आणि चार फूट मोजून तिरकी पाच फूट आली का बघतो, तसंच. दोन सारख्या बाजू १ आणि १ असल्या तर तिरकी १.४१४, आणि १ भागिले १.४१४ म्हणजे ०.७०७. घर बांधताना त्याने गवंड्याला हे करताना पाहिलेलं होतं, त्यामुळे लगेच कळलं. पुस्तकात यालाच तीन डेसिबल खाली म्हणतात. तिथे पॉवर निम्मी झालेली असते.

कटऑफच्या पुढे गेलं की उतार लागतो. दर सप्तकाला व्होल्टेज जवळजवळ निम्मं होत जातं. इंग्रजी पुस्तकांतला ऑक्टेव्ह म्हणजे आपलं सप्तकच, दुप्पट फ्रीक्वेन्सी. पेटीवर हात असणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. मंद्र सा ते मध्य सा एवढं अंतर चढलात की एक कंडेन्सर, एक रेझिस्टर सिग्नल निम्म्यावर आणतो. म्हणजे कडा तुटलेली नसते, उतरण असते.

आता रेझिस्टर आणि कंडेन्सरची जागा बदला आणि रेझिस्टरवर मोजा. खालचे सूर गळायला लागतील, वरचे जातील. वस्तू त्याच, आकडा तोच १५९, काम उलटं.

हाच उलटा प्रकार ट्वीटरमागे असतो. तिथे रेझिस्टर वेगळा लावत नाहीत. ट्वीटर स्वतःच तो भागीदार. ८ ओहमचा ट्वीटर आणि ४.७ एमएफडी: १,५९,००० भागिले ३७.६, कटऑफ सव्वाचार किलोहर्ट्झच्या जवळपास. तोच पंख्याचा २.५ एमएफडी लावला तर ८ किलोहर्ट्झ. म्हणून म्हटलं वाईट नाही: तो एसीवर चालणारा, प्लस-मायनस नसलेला, चांगला फिल्मचा कंडेन्सर असतो, ट्वीटर जळू देत नाही. पण आठ हजारांच्या खाली हात आखडता घेतो. टाळ छमछम वाजतात, शब्द मात्र झाकलेले.

कंडेन्सर काढून टाकला तर काय होतं, याचा हिशोब एकदा मांडून दाखवते, म्हणजे परत कोणी काढणार नाही. समजा अँप ८ ओहमला १०० वॅट देतोय, म्हणजे २८ व्होल्ट. पखवाजाची १०० हर्ट्झची थाप आली. कंडेन्सर नसेल तर केसासारख्या तारेच्या त्या कॉईलवर पूर्ण १०० वॅट येतात. ४.७ चा कंडेन्सर असेल तर १०० हर्ट्झला त्याचा विरोध ३३९ ओहम, करंट ८३ मिलिअँपिअर, आणि ट्वीटरच्या वाट्याला वॅटचा अठरावा भाग. "आवाज दबतोय" म्हणून जो भाग काढला तो ट्वीटरचा श्वास घ्यायचा मार्ग होता.

तरी पण १,००० हर्ट्झला बघा. तिथे कंडेन्सरचा विरोध ३४ ओहम, आणि ट्वीटरला सव्वापाच वॅट मिळतात. छोट्या ट्वीटरला हे सतत झेपत नाही. उतरण म्हणतात ती ही.

विकत घेताना दुकानदार साधा इलेक्ट्रोलिटिक पुढे करेल. तो नको; त्याला प्लस-मायनस असतं आणि इथे करंट दोन्हीकडून येतो. अंगावर एनपी किंवा बीपी लिहिलेला, म्हणजे प्लस-मायनस नसलेला, मागा, परवडला तर पॉलिप्रॉपिलीनचा. रात्री अडलंच तर १० एमएफडीचे दोन साधे इलेक्ट्रोलिटिक मायनसला मायनस जोडून ५ एमएफडी होतात, आरती पार पडते. व्होल्टेज ६३ च्या खाली घेऊ नका. १०० वॅटला शिखर ४० व्होल्टपर्यंत जातं. पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं मिळतं, आमच्याकडे तालुक्याला मात्र आहे तो आणि तेवढाच.

आता माझी स्वतःची फजिती. वडील दुकान बघत होते आणि मी नवीच होते तेव्हाची. एका मंडळाने सांगितलं, कीर्तनातले शब्द मागे पोचत नाहीत. मी हुशारी केली, ट्वीटरला समांतर आणखी एक ट्वीटर जोडला, कंडेन्सर तोच ४.७. दोन ट्वीटर म्हणजे शब्द दुप्पट स्पष्ट, असा माझा हिशोब. झालं भलतंच. शब्द होते तिथेच, टाळांचा कर्कश्शपणा मात्र इतका वाढला की पहिल्या रांगेतल्या आज्या कानावर पदर ओढून बसल्या. वडिलांनी डबा उघडला, दोन ट्वीटर बघितले आणि एवढंच विचारलं, "कंडेन्सरला आता समोर किती ओहम दिसतात?" ८ आणि ८ समांतर म्हणजे ४. कटऑफ सव्वाचारवरून साडेआठ किलोहर्ट्झवर गेली होती. शब्दांच्या भागात दोन्ही ट्वीटरना मिळून पहिल्याएवढंच मिळत होतं, वाढ झाली ती फक्त वरच्या टोकाला. कंडेन्सरला समांतर आणखी एक ४.७ लावला, ९.४ झाले, गाडी रुळावर.

फिल्टर जोडताना मी सगळ्यात जास्त वेळ यातच घालवते: त्याच्या मागे कोण, पुढे कोण. मघासारखंच उदाहरण घ्या, फक्त कंडेन्सर दहाव्या हिश्शाचा. १० के आणि ०.०१ एमएफडी, कागदावर कटऑफ १,५९० हर्ट्झ. त्यापुढे तुम्ही १० के चा व्हॉल्युम पॉट लावलात. कंडेन्सरच्या नजरेने आता १० के आणि १० के समांतर, म्हणजे ५ के. कटऑफ झाली ३,१८० आणि आवाज सरसकट निम्मा. सर्किटमध्ये काही बिघडलेलं नाही, सोल्डर चकाचक, तरी उत्तर चूक. म्हणून नियम असा ठेवा: पुढच्याचा विरोध फिल्टरच्या रेझिस्टरच्या किमान दसपट, आणि मागच्याचा जास्तीत जास्त दहावा हिस्सा. ते जमत नसेल तर मध्ये ऑपअँपचा (सिग्नल हाताळणाऱ्या छोट्या आयसीचा) बफर टाका, म्हणजे मागच्यावर भार न टाकता सिग्नल जसाच्या तसा पुढे देणारा टप्पा.

ट्वीटरच्या बाबतीत आणखी एक. अंगावर ८ ओहम लिहिलेला ट्वीटर मीटरवर सहाच्या आसपास दाखवतो. तो खराब नाही. मीटर डीसीने मोजतो. हिशोबाला ८ च धरा.

उतरण अजून उभी हवी असेल तर दुसरा भागीदारही बदलता घ्या. कंडेन्सर सिरीजमध्ये, आणि ट्वीटरला समांतर एक कॉईल. खालचा सूर आला की कंडेन्सर अडवतो, त्यातून जो निसटेल त्याला कॉईल बाजूने अर्थकडे वाट देते. दर सप्तकाला व्होल्टेज आता निम्म्याऐवजी पाव होतं. ८ ओहम आणि ३ किलोहर्ट्झसाठी आकडे सोपे येतात: ४.७ एमएफडी आणि ०.६ मिलिहेन्री. मघाचाच कंडेन्सर, फक्त कॉईल वाढली. कटऑफ सव्वाचारवरून तीन हजारांवर आली, म्हणजे ट्वीटर आता शब्दही उचलतो, आणि तरी १,००० हर्ट्झला त्याला सव्वापाचऐवजी सव्वा वॅटच मिळतो. या एका कॉईलपायी माझ्याकडचे जळके ट्वीटर परत यायचे थांबले.

वूफरला, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरला, तेच दोन आकडे जागा बदलून: ०.६ ची कॉईल सिरीजमध्ये, ४.७ चा कंडेन्सर वूफरला समांतर. ही आकड्यांची जोडी स्टीफन बटरवर्थ या ब्रिटिश संशोधकाच्या नावाने ओळखली जाते. त्याने १९३० मध्ये असा फिल्टर मांडला ज्यात कटऑफपर्यंतचा भाग सपाट राहतो, मध्ये कुठे उंचवटा येत नाही. एवढं करून ट्वीटरच्या दोन तारा उलट्या जोडायच्या. कटऑफच्या ठिकाणी वूफर आणि ट्वीटर एकमेकांच्या बरोबर विरुद्ध हलत असतात, सरळ जोडलं तर तिथे आवाजात खड्डा पडतो. विश्वास बसत नसेल तर फोनवरून ३ किलोहर्ट्झ वाजवा आणि तारा अदलाबदल करून बघा.

कॉईल हवेचीच घ्या, आत लोखंड नको, आणि तिचा विरोध ०.४ ओहमपेक्षा जास्त नको. एकाच डब्यात दोन कॉईल असतील तर एक आडवी, एक उभी बसवा. शेजारी-शेजारी एकाच दिशेने ठेवल्या की एकीचं चुंबकत्व दुसरीत शिरतं.

कॉईल आणि कंडेन्सर मिळून नेमका एकच सूर निवडतात, त्याचा नमुना आमच्या घरात होता: वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ. २५० मायक्रोहेन्रीची कॉईल धरली तर गँग (पत्ते फिरवून कमीजास्त होणारा कंडेन्सर) १६० पिकोफॅरडच्या जवळ आला की आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ. पत्ते उघडत १०० च्या खाली नेला तर मुंबईचं १०४४. आणि ३२५ पर्यंत मिटला तर मुंबईचं ५५८. पाळण्याला त्याच्या स्वतःच्या लयीत धक्का दिला तरच तो चढतो, बाकीचे धक्के वाया जातात. रेडिओचं बटण फिरवणं म्हणजे पाळण्याची लय बदलणं. तिन्ही आकडे ९ ने भागून बघा. मीडियम वेव्हवर आपल्याकडे स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या पटीतच बसवलेली असतात.

आता माईक. कीर्तनकार बुवा "पांडुरंग" म्हणाले की स्पीकरमधून आधी "धप्प" येतं, मग "आंडुरंग". प, ब, भ उच्चारताना तोंडातून निघालेली हवा माईकच्या पडद्यावर आदळते, आणि तिची ताकद सगळी खालच्या सुरांत असते. अँपच्या माईक इनपुटला मालिकेत एक कंडेन्सर असतोच, बहुतेक १० एमएफडी. इनपुटचा विरोध १० के असेल तर त्याची कटऑफ दीड हर्ट्झ, म्हणजे काहीच अडत नाही. तो काढून ०.१५ एमएफडीचा पॉलिएस्टर लावा (१५४): कटऑफ १०६ हर्ट्झ, धप्प बसलेलं, बुवांचा आवाज शाबूत. मी आधी ०.१ लावून बघितला होता. १५९ हर्ट्झला बुवांचा खर्ज पातळ झाला आणि त्यांनी मलाच विचारलं, "ताई, मला सर्दी झालीय का?" पखवाजाच्या माईकला मात्र हे अजिबात करू नका, त्याचा घुमारा तिथेच असतो.

तुमच्या अँपचा इनपुट १० केच आहे हे कशावरून? मोजा. जुना १० एमएफडी तसाच ठेवून माईकच्या जागी फोनचा ४०० हर्ट्झचा टोन द्या, अगदी हळू. आउटपुटवर मीटर. आता फोन आणि इनपुट यांच्या मध्ये एक ४७ के चा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) टाका आणि आउटपुट निम्मं होईपर्यंत वाढवा. प्रीसेट काढून मोजा. जो आकडा येईल तोच इनपुटचा विरोध. हे जमलं की कुठलाही फिल्टर कुठेही बसवता येतो.

गुणगुण हा वेगळा रोग आहे आणि त्यावर फिल्टर हे शेवटचं औषध. आपली लाईट ५० हर्ट्झची, रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) पूर्ण लाटेचा असेल तर त्याच्या पुढे १०० हर्ट्झची लाट. पेटीवाल्याला विचारा: १०० हर्ट्झ म्हणजे खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर, आणि ५० म्हणजे तीच, आणखी एक सप्तक खाली. व्हॉल्युम शून्यावर आणा. गुणगुण तशीच राहिली तर दोष पॉवर सप्लायमध्ये. मोठा कंडेन्सर सुकलाय. ४७०० एमएफडी आणि १ अँपिअर असेल तर लाट २ व्होल्टच्या आसपास असते, सुकून तो १००० वर आला की तीच लाट १० व्होल्टकडे जाते. बदलायच्या आधी अँपची लाईट बंद करून १ के, ५ वॅटचा रेझिस्टर त्याच्या टोकांवर अर्धा मिनिट धरा, मग मीटरने बघा, मग हात घाला. व्हॉल्युमबरोबर गुणगुण कमी झाली तर ती बाहेरून येतेय: माईकच्या वायरची तुटलेली जाळी, नाहीतर मिक्सर आणि अँप दोन वेगळ्या ठिकाणी अर्थ झालेले.

हे सगळं करूनही ५० हर्ट्झ उरलेच तर ट्विन-टी नावाचा खाचेचा फिल्टर आहे. ०.१ एमएफडी आणि ३१.७ के, म्हणजे २७ के आणि ४.७ के सिरीजमध्ये. खाच ५० वर येते. पण साधा ट्विन-टी फार रुंद खातो, १२ हर्ट्झपासून २१२ पर्यंत सगळीकडे तीन डेसिबल आणि त्याहून जास्त. गुणगुण जाते, आणि तिच्याबरोबर पखवाजही जातो. मी गेली कित्येक वर्षं तो कुठेच बसवलेला नाही.

राहिला सबवूफर. इथे कॉईल वापरायची तर नारळाएवढी लागेल, म्हणून ऑपअँप. ज्या जोडणीला सॅलन-की म्हणतात ती १९५५ ची, एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या दोघांची. कॉईलचं काम ती दोन कंडेन्सर आणि आउटपुटकडून मागे आणलेल्या थोड्या सिग्नलने करते. ४५५८ घ्या, आठ पायांची, आत दोन ऑपअँप. पहिल्या भागाला बफर करा, डावा आणि उजवा चॅनेल दहा-दहा के मधून त्यात आणा. बफरच्या बाहेरून १० के आणि त्याच्याशी सिरीजमध्ये २२ के च्या डबल गँग पॉटचा (एकाच दांड्यावरचे दोन पॉट) एक भाग, मग पुन्हा १० के आणि पॉटचा दुसरा भाग, मग पाय ५. पाय ५ पासून ०.१ एमएफडी अर्थला. दोन्ही रेझिस्टर-जोड्यांच्या मधल्या सांध्यापासून ०.१ एमएफडी पाय ७ ला, म्हणजे आउटपुटला. पाय ७ ते पाय ६ मध्ये ३३ के, पाय ६ ते अर्थ ५६ के. पाय ८ ला प्लस १२, पाय ४ ला मायनस १२. पॉट फिरवला की कटऑफ ५० पासून १५९ पर्यंत सरकते.

३३ आणि ५६ या जोडीत सगळी मेख आहे. १ अधिक ३३ भागिले ५६ म्हणजे १.५९ पट गेन, आणि तेवढ्यालाच उतार बटरवर्थसारखा सपाट राहतो. भाच्याने पहिल्यांदा बोर्ड केला तेव्हा सबवूफर एकाच सुराला असा घुमायचा की कपाटातल्या वाट्या वाजायच्या, आणि बाकी सुरांना साधारण. पॉट फिरवला की घुमणारा सूर बदलायचा. तो दोन दिवस स्पीकरच्या पेटीला दोष देत होता, आत कापूस भरून झाला, फळ्या ठोकून झाल्या. मी रंगपट्ट्या बघायला सांगितल्या. हिरवा-निळा-नारिंगी वर, नारिंगी-नारिंगी-नारिंगी खाली. ५६ आणि ३३ ची अदलाबदल. गेन २.७ झाला होता, आणि कटऑफच्या ठिकाणी तिप्पट उंचीचा उंचवटा. ३ च्या वर गेला असता तर काही न वाजवताही स्पीकर ओरडत बसला असता.

डबा बंद करण्यापूर्वी फोन लावा आणि १०० हर्ट्झपासून १० किलोहर्ट्झपर्यंत टोन हळूहळू चढवत न्या, आवाज हलका ठेवून. वूफरकडून ट्वीटरकडे जाताना कुठे खड्डा, कुठे उंचवटा येतोय का ते कानाने कळतं. मग मार्कर घेऊन झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा: ४.७, ०.६, ८ ओहम, ट्वीटर उलटा. पुढच्या श्रावणात हा डबा माझ्याकडे नाहीतर दुसऱ्या कोणाकडे उघडला जाईल, तेव्हा "घरात होता तो" लावायला नको.